गोचीडताप, लंपी, खुरकूत: रोगाशी झुंजायची ताकद गुराच्या वंशातून येते का?

खाजणवाट (राजापूर)

कोकणात गुरं सांभाळणाऱ्या आणि या विषयातलं जाणणाऱ्या सगळ्यांना विचारतोय. एकाच दावणीची जनावरं, पेंढा तोच, पेंड तीच, पाणी तेच. कानात आणि कासेजवळ गोचीड सगळ्यांनाच. तरी एक तापाने आडवी होते आणि दुसरीला काहीच होत नाही. हा फरक येतो कुठून?

आमच्याकडे गावठी गायी आहेत आणि घाटावरून आणलेली एक जर्सी संकरित. ऐन पावसाळ्यात संकरित गायीला जबरदस्त ताप भरला. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, डोळ्यांची आतली कड पांढरीफटक पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोचीडताप म्हणजे थायलेरिया सांगितला आणि इंजेक्शन दिलं. गाय वाचली, दूध मात्र गेलं ते गेलंच. तिचं वासरू वाचलं नाही. शेजारच्या खुंट्यावरच्या गावठी गायींना शिंकसुद्धा आली नाही.

आता गावठीचीच एक कालवड माजावर यायला आलीय. तिला जर्सीची रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठीचं वळूचं वीर्य) द्यावी, गीरची द्यावी की आपल्याच कोकण कपिलाची, यावर घरात आणि वाडीत रोज वाद चाललाय. 'गावठी गाय आजारी पडत नाही' हे लहानपणापासून ऐकतोय. त्याला शास्त्राचा आधार आहे का? असला तर तो गुण आईबापाकडून पिल्लात उतरतो का, आणि आपल्यासारख्या चार खुंट्यांच्या माणसाला तो निवडता येतो का?

गोरवांवालो (कुडाळ)

गावठी गोरवां आजारी पडनत नाय ह्यां काय खरां नाय. लंपी इली त्या वर्षी आमच्या वाडीत पयली आजारी पडली ती गावठीच पाडी. अंगभर गाठी, पायाक सूज, चारो तोंडाक लावी ना. म्हातारी गाय तशीच रवली, तिका एक गाठ नाय. वासरांकच जास्त बाधलां. लस टोचूक नसती तर काय झालां असतां ता देवाक ठावक. तेव्हा गावठी म्हणान निर्धास्त रवा नको.

गोठाडॉक्टर (अलिबाग)

खाजणवाट, प्रश्न फार नेमका विचारलात. गोरवांवाले जे सांगतायत तेही खरंच आहे. दोन्हींचा मेळ घालायचा तर एकेक रोग सुटा घ्यावा लागतो, कारण एका रोगाला खंबीर असलेलं जनावर दुसऱ्याला खंबीर असेलच असं नाही.

आधी थायलेरिया. हा परजीवी गोचिडीच्या लाळेतून गुरात शिरतो आणि थेट पांढऱ्या पेशींमध्ये घर करतो. तिथे नुसता लपत नाही, त्या पेशीलाच भराभर विभागायला लावतो. म्हणून खांद्यापुढची गाठ सुजते. पुढे तो तांबड्या पेशींत जातो, रक्त कमी होतं आणि डोळे पांढरे पडतात.

यावर एडिंबरामध्ये झालेला एक प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या साहिवाल वंशाची वासरं आणि विदेशी होल्स्टीनची वासरं, दोन्ही गटांतल्या कुणालाच हा रोग आधी झालेला नव्हता. दोन्हींना थायलेरिया अ‍ॅन्युलाटाची सारखीच लागण दिली. साहिवालना ताप कमी आला, रक्तात परजीवी कमी दिसले, आणि ज्या लागणीत होल्स्टीन वासरं दगावण्याच्या टोकाला जातात त्यातून साहिवाल स्वतःहून सावरली. होल्स्टीनच्या रक्तात दाह वाढल्यावर यकृतातून सुटणारी प्रथिनं मात्र बेसुमार वाढली होती. म्हणजे परजीवीने केलेल्या नुकसानात त्यांच्या स्वतःच्या शरीराने उठवलेल्या दाहाची मोठी भर होती. साहिवालचं शरीर तोच शत्रू बघून बेताने पेटतं.

हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, कारण गावात ही तुलना कधीच स्वच्छ होत नाही. तुमची गावठी गाय वासरू असल्यापासून इथल्या गोचिडी अंगावर घेत मोठी झाली. लहानपणी आईच्या चिकाचं संरक्षण असताना थोडी थोडी लागण झाली, हलका ताप येऊन गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्यातून तिची प्रतिकारशक्ती तयार झाली. घाटावरची संकरित गाय बंदिस्त, फवारलेल्या गोठ्यातून भरल्या वयात इथे आली आणि पहिला सामना थेट तुमच्या गोठ्यात झाला. तेव्हा तुमच्या दोन गायींमधला सगळा फरक वंशाचा नाही, काही भाग बालपणाचाही आहे. एडिंबराच्या प्रयोगात बालपण सारखं होतं, तरी फरक दिसला. म्हणून वंशाचाही वाटा पक्का आहे असं मी म्हणतो.

जाता जाता: थायलेरियाची लस भारतात मिळते, संकरित वासरांसाठीच आहे. पण ती जिवंत पेशींची लस असल्याने द्रव नत्रात ठेवावी लागते. आपल्या वाड्यांपर्यंत ती पोचणं म्हणूनच अवघड जातं. संकरित वासरू ठेवणार असाल तर डॉक्टरांकडे आधीच मागणी नोंदवा.

घाटमाथा (करवीर)

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. आमच्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आहेत, दूध डेअरीला जातं, त्यावर घर चालतं. गोचीडताप आमच्याकडेही येतो. पण गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवल्या, नवीन जनावर वेगळं बांधलं, गोचीडनाशक डॉक्टरांच्या सल्ल्याने आलटून पालटून वापरलं की आटोक्यात राहतो. गावठी गायीच्या दोन लिटरात मुलांची फी भरता येत नाही. व्यवस्थापन सुधारायचं सोडून रक्ताला बोल लावणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मलाही कोड्यात टाकते. माझ्याकडे एकाच आईच्या दोन एचएफ बहिणी आहेत, वळू वेगवेगळे. मोठीला प्रत्येक वेतात दगडी (कासदाह) होते, एखादं सड कडक होतंच. धाकटीला आजवर एकदाही नाही. दोघींची धार काढणारा हात एकच, खाली टाकलेला भुसा तोच, धारेनंतर सड बुडवायचं औषध तेच. हे कसं काय?

रेणूसूत्र (मूळ गुहागर, सध्या पशुजनुकशास्त्रात काम)

घाटमाथा दादा, तुमच्या दोन बहिणींमध्येच या धाग्याचं निम्मं उत्तर आहे. जातींमधल्या फरकावर सगळे बोलतात, पण एकाच जातीतल्या, एकाच गोठ्यातल्या गायी-गायींमधला फरकही तितकाच कामाचा. निवड करायची ती तिथेच.

कळपातल्या जनावरांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती हिस्सा आईबापाकडून आलेल्या जनुकांमुळे आहे, हे मोजता येतं. त्याला आनुवंशिकता म्हणतात. अंगावर किती गोचिडी टिकतात या गुणात हा हिस्सा बराच मोठा निघतो, ढोबळमानाने एक तृतीयांश. दुधाच्या प्रमाणाइतकाच म्हणा. दगडीत तो खूप कमी, कारण तिथे धार काढणं, स्वच्छता, सडाची इजा यांचाच प्रभाव जास्त. तरी नॉर्वेने 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून वळू निवडताना त्यांच्या मुलींना दगडी किती झाली हे धरायला सुरुवात केली, आणि पिढ्यांमागून पिढ्या सुधारणा झाली. तिथे प्रत्येक गायीच्या प्रत्येक उपचाराची नोंद होते. आनुवंशिकता कमी असली तरी हजारो मुलींच्या नोंदी असल्या की चांगला वळू ओळखू येतो. ब्रिटनमध्ये 2016 पासून दुधाळ जातींच्या वळूंना क्षयाच्या प्रतिकाराचाही आनुवंशिक गुण दिला जातो.

आता वेगळ्याच प्रकारचं उदाहरण देतो, जरा सविस्तर, कारण रेतमात्रा निवडणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

वरचे सगळे गुण शेकडो जनुकं मिळून घडवतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. पण कधीकधी एकच जनुक बिघडतं आणि सगळी फळी कोसळते. होल्स्टीनमध्ये ब्लॅड नावाचा आजार आहे. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर, जखमेपर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत जायला एक प्रथिन लागतं. त्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल झालेला असतो. वासराला तो बदल आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून मिळाला की त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी प्रचंड वाढतात, पण त्या रक्तातच अडकून राहतात. हिरड्या सडतात, न्यूमोनिया होतो, हगवण थांबत नाही, छोटी जखम महिनोन्महिने भरत नाही. बहुतेक वासरं लहानपणीच जातात. गोठ्यात बघणाऱ्याला वाटतं वासरू अशक्त होतं, चीक कमी मिळाला, हवा बाधली.

हा बदल एका अतिशय गाजलेल्या अमेरिकन होल्स्टीन वळूच्या वंशातून पसरला. ऑस्बर्नडेल आयव्हनहो हे त्याचं नाव. त्याचा नातू कार्लिन एम आयव्हनहो बेल याच्या रेतमात्रा दुधाच्या गुणांमुळे जगभर गेल्या. 1992 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमका बदल शोधून काढला, तेव्हा तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे 14 टक्के तो बाळगत होते. स्वतः ठणठणीत, मुली दुधाळ, आणि दोष निम्म्या पिल्लांत उतरतो. चाचणी सापडल्यावर बाळगणारे वळू वगळले गेले आणि प्रमाण झपाट्याने खाली आलं. भारतातही होल्स्टीनच्या आणि संकरित वळूंमध्ये हा दोष सापडला आहे. आपल्याकडच्या रेतन केंद्रांसाठी केंद्र सरकारने जे किमान निकष घालून दिलेत त्यात वळूची ही आनुवंशिक चाचणी आहे, शिवाय क्षय आणि सांसर्गिक गर्भपाताच्या चाचण्याही आहेत.

म्हणून गाय भरवताना रेतमात्रेच्या कांडीवरचा वळूचा क्रमांक आणि केंद्राचं नाव वाचा आणि वहीत उतरवून घ्या. कुणी स्वस्तात, कुठून आली ते न सांगता कांडी देत असेल तर घेऊ नका.

खाजणवाट

हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे कांडी भरतात, टाकून देतात आणि चिठ्ठीवर नुसतं 'जर्सी' लिहितात. पुढच्या वेळेपासून क्रमांक मागून घेईन.

जांभाकातळ (दापोली)

कोकण कपिलाबद्दल मी बोलतो, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या तीच आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची वेगळी जात म्हणून नोंद केली आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं त्यात मोठं काम आहे. अंगाने लहान, पायाला चिवट, तांबूस, काळी, पांढरी, करडी अशा सगळ्या रंगांची. कातळावरचं वाळकं गवत आणि भाताचा पेंढा यावर जगते, भर पावसात डोंगर चढते. दूध थोडंच. पण उन्हाळ्यात चारा संपला तरी गाभण राहते.

गीरबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. 'देशी' म्हटलं की सगळं एकाच मापाने मोजू नका. गीर सौराष्ट्राच्या कोरड्या मुलुखातली. आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने गोठ्यात ओल, खुरांमध्ये चिखल. उष्णतेला आणि गोचिडीला गीर उत्तम तोंड देते, पण तिच्या खुरांना या चिखलाची सवय नाही. आमच्या गावात आणलेल्या गीर गायी खुरांच्या दुखण्याने हैराण झालेल्या मी पाहिल्यात. पावसाची देशी जात बघायची तर डांगी बघा. सह्याद्रीच्या नाशिक-डांग भागातली, तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पाणी अंगावर ठरत नाही.

आणि मोठा धोका सांगतो. आपली जात जाते आहे ती मोकाट वळूंमुळे. कुठलाही अर्धवट संकरित वळू गावात हिंडतो आणि सगळ्या गायी त्याच्याच. दहा वर्षांत गावठी म्हणून जे उरेल त्यात ना गावठीचा कणखरपणा, ना जर्सीचं दूध.

गोठाडॉक्टर

जांभाकातळ यांच्या मुद्द्याला इतिहासातला एक दाखला जोडतो. जुन्या लोकांना बुळकांडी आठवत असेल. त्या रोगाने गावंच्या गावं रिकामी केली. त्याच्या अभ्यासासाठी 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. 1893 मध्ये ती कुमाऊंच्या मुक्तेश्वरला हलवली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली.

मुक्तेश्वरला एक गोष्ट ठळक दिसली. मैदानी प्रदेशातली आपली वशिंडाची गुरं बुळकांडीतून बऱ्याच प्रमाणात वाचत, पण कुमाऊंची पहाडी गुरं त्याच विषाणूने पटापट मरत. दोन्ही भारतीय, दोन्ही देशी. 1920 च्या दशकात तिथे एडवर्ड्स यांनी शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन विषाणू सौम्य केला आणि त्याची लस बनवली. मैदानी गुरांना ती मानवली. विदेशी आणि संकरित गुरांना मात्र तीच लस जड जाई, कधीकधी जिवावर बेते, म्हणून त्यांच्यासाठी पुढे आणखी सौम्य लस वापरावी लागली. लसीचा परिणामसुद्धा वंश बघून बदलतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं मला माहीत नाही. भारत 2006 मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 मध्ये सगळं जग.

म्हणूनच 'देशी विरुद्ध विदेशी' असा एकच उभा छेद घेऊ नका. घटसर्पात तर गायींपेक्षा म्हशी जास्त दगावतात, आणि म्हैस आपलीच आहे.

घाटमाथा

बुळकांडीचं वाचून विचारात पडलो. माझं म्हणणं सोडत नाही, पण एक भर घालतो. आमच्या भागातल्या जाणत्यांचा अनुभव असा की पहिल्या पिढीचा संकर, म्हणजे निम्मं रक्त गावठी, बऱ्यापैकी तग धरतो. त्याच मुलीला पुन्हा एचएफ, तिच्या मुलीला पुन्हा एचएफ असं करत गेलं की दूध फारसं वाढत नाही, डॉक्टरांचं बिल मात्र वाढतं. कोकणातल्या दमट हवेत तर आणखीच. तेव्हा कोकणात कुणी दुधासाठी संकर करणारच असेल तर निम्म्यावर थांबावं. आणि एचएफपेक्षा लहान अंगाची जर्सी बरी.

रेणूसूत्र

सहमत. पहिल्या पिढीत संकराचा जोम मिळतो, पुढे विदेशी रक्त चढत जातं तशी गोचिडीपुढची ढाल पातळ होते. ऑस्ट्रेलियाने हाच धडा उलट्या बाजूने घेतला. क्वीन्सलँडमध्ये ब्रिटिश जातींची गुरं गोचिडीने जेरीस आली होती. 1930 च्या दशकापासून तिथे ब्राह्मण जातीचं रक्त मिसळायला सुरुवात झाली. ही ब्राह्मण अमेरिकेत तयार झाली ती गीर, कांकरेज, ओंगोल अशा आपल्या जातींपासून.

गोचीड प्रतिकार म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. गोचीड अंगावर चढते, पण प्रतिकारक जनावराच्या कातडीत ती चावल्याबरोबर पेशींची फौज जमा होते, खाज सुटते, जनावर चाटून काढतं, आणि बऱ्याच गोचिडी रक्त पिऊन पूर्ण फुगण्याआधीच गळून जातात. आखूड, गुळगुळीत केसही मदत करतात. अशा जनावराखाली जमिनीवर अंडी कमी पडतात, म्हणजे शेजारच्या खुंट्यावरच्या गायीलाही फायदा. एक खंबीर गाय सबंध गोठ्याचा भार हलका करते.

गोरवांवालो

डॉक्टरांनू, एक इचारतंय. दोडामार्गात माकडताप इलो तेव्हापासून आमच्या बाजूची लोकां गोरवां रानात सोडूक भियतत. गावठी गोरवांर गोचडां कमी धरतत, तर माकडतापाची भीती पण कमी होतली काय?

गोठाडॉक्टर

चांगलं विचारलंत, आणि यात गल्लत झाली तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

2016 पासून सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, माकडताप माणसांना होऊ लागला. त्याचा विषाणू गुरांना आजारी पाडत नाही. पण जी हिमॅफायसॅलिस जातीची गोचीड तो पसरवते तिच्या मोठ्या माद्या रानात चरणाऱ्या गुरांचं रक्त पितात आणि अंडी घालतात. माणसाला चावतात त्या बारीक, अजून वाढ न झालेल्या गोचिडी. त्या दिसतसुद्धा नाहीत. जनावरावर आयुष्यभर राहणारी ती नेहमीची निळसर गोचीड वेगळी, ही रानगोचीड वेगळी, आणि थायलेरिया पसरवणारी हायलोमा, जी गोठ्याच्या भिंतीच्या फटींत दडून बसते, ती आणखी वेगळी. एका जातीच्या गोचिडीला गाय पुरून उरली म्हणजे सगळ्यांना पुरली असं समजू नका.

तेव्हा डिसेंबर ते मे या काळात माकडं मेलेल्या जंगलात ना गुरं सोडा, ना स्वतः पाचोळ्यात बसा. काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल लावा, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवा. गाय गावठी आहे की नाही याचा इथे काही संबंध नाही.

खाजणवाट

माझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग राहिलाय. चार खुंट्यांच्या माणसाने निवड कशी करायची? आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना कुठली यादी.

रेणूसूत्र

यादी तुम्हीच करायची आहे, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा मोलाची आहे. सांगतो का ते.

2021 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशुजैवतंत्रज्ञान संस्थेने इंडिगाऊ ही भारतीय गोवंशासाठीची जनुकीय चिप आणली. तिच्यावर 11,496 खुणा तपासता येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या वाशीमलाच गौ चिपचं उद्घाटन झालं. रक्ताच्या एका नमुन्यावरून जनावराच्या जनुकांमधल्या अशा हजारो खुणा एकदम वाचता येतात. पण कुठली खूण रोगाशी जोडलेली आहे हे चिप आपणहून सांगत नाही. त्यासाठी त्याच जनावराला काय झालं, कधी झालं, किती तीव्र झालं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. केनियात बोरान जातीच्या गुरांमध्ये असंच झालं. एका वळूच्या वंशातली वासरं तिथल्या जीवघेण्या थायलेरियातून जास्त वाचतात हे नोंदींतून दिसलं, आणि त्या धाग्याने संशोधक 2022 मध्ये एका ठरावीक जनुकापर्यंत पोचले. आधी वही, मग प्रयोगशाळा.

तुमच्यासाठी सोपी पद्धत अशी. गायीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, तो क्रमांक वहीच्या पानावर वर लिहा. त्याखाली तिच्या आईचा क्रमांक, आणि वळू किंवा कांडीचा क्रमांक. पावसाच्या आधी, पावसात आणि दिवाळीनंतर, सकाळी, औषध मारण्याआधी, गायीची एकच बाजू मानेपासून शेपटीपर्यंत तपासा आणि फुगलेल्या, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच्या किंवा त्याहून मोठ्या गोचिडीच मोजा. बारीक मोजू नका. सगळ्या गायींची मोजणी एकाच सकाळी करा, म्हणजे तुलना खरी होईल. ताप, दगडी, खुरकूत, लंपीच्या गाठी, वासरू गेलं तर कशाने, एवढंच त्या त्या पानावर. कुठलं औषध दिलं तेही.

दोन-तीन पावसाळे गेले की तुमच्याच गोठ्यात दिसेल की कुठल्या गायीच्या अंगावर नेहमीच कमी गोचिडी असतात आणि तिच्या मुलींचंही तसंच आहे का. वळू ठेवायचा तर त्या गायीचा पाडा ठेवा. जिच्या अंगावर नेहमी गोचिडी लगडतात तिचा पाडा कितीही देखणा असला तरी खच्ची करा.

एक काळजी घ्या. एकच चांगला वळू मिळाला म्हणून वर्षानुवर्षं तोच वापरला तर त्याच्याच मुली त्याला भरवल्या जातील. सख्ख्या रक्तात संकर झाला की रोग ओळखणाऱ्या जनुकांमधली विविधता आटते, आणि नवा रोग आला की सगळा कळप एकाच ठिकाणी कमी पडतो. शेजारच्या वाडीशी दर दोन-तीन वर्षांनी वळू बदलून घ्या.

जांभाकातळ

वळू बदलायची पद्धत आम्ही आमच्या दोन वाड्यांत सुरू केलीय. मोकाट संकरित वळू पशुवैद्यकीय दवाखान्यातून खच्ची करून घेतले, ग्रामसभेत ठराव करून. आधी विरोध झाला, मग लोकांनीच आपले पाडे आणून दिले. कोकण कपिलाच्या रेतमात्रेची मागणी तालुक्याच्या दवाखान्यात लेखी द्या, तोंडी सांगितलेलं वर पोचत नाही. मागणीचा कागद असला की पुढे जाब विचारता येतो.

गोठाडॉक्टर

खाजणवाट, तुमच्या कालवडीबद्दल माझं मत: जाणकार माणूस रोज गोठ्यात नसेल आणि दूध घरापुरतंच हवं असेल तर कोकण कपिला. दूध विकायचंच असेल तर जर्सीची कांडी एकदाच, तपासलेल्या वळूची, आणि त्या वासराची थायलेरियाची लस आधीच ठरवून.

पण कुठलंही रक्त असो, लसी चुकवायच्या नाहीत. लाळ्या खुरकुताची सहा महिन्यांनी. गावठी गायीला खुरकूत हलका होतो, तोंडात दोन फोड येतात आणि जातात, पण त्या काळात ती विषाणू सोडत असते आणि शेजाऱ्याची संकरित गाय त्याने लंगडी होते. घटसर्प आणि फऱ्याची पावसाच्या आधी, मे महिन्यातच. लंपीसाठी आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस देतात, तीही दरवर्षी. भारतात 2019 मध्ये ओडिशात पहिल्यांदा दिसलेला हा रोग 2022 मध्ये महाराष्ट्रभर झाला तेव्हा गोरवांवाल्यांनी सांगितलं तसं लहान वासरांना जास्त त्रास झाला. आणि कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस, आयुष्यात एकदाच. ते वय निघून गेलं की ती देत नाहीत, म्हणून वासराची जन्मतारीखही वहीत लिहा.

घाटमाथा

रेणूसूत्र, माझ्या धाकट्या गायीचा वळू कुठला ते शोधून काढलं, डेअरीच्या रेतन नोंदवहीत क्रमांक मिळाला. मोठीचाही मिळाला. आता त्या दोन्ही वळूंच्या गावातल्या बाकीच्या मुलींची सडं कशी आहेत ते शेजाऱ्यांना विचारत फिरतोय. पंधराएक गायींची माहिती जमली की इथे टाकतो. तुम्ही बघून सांगा त्यातून काही दिसतंय का.

रेणूसूत्र

जरूर टाका. प्रत्येक गायीचं वेत कितवं आणि धार हाताने काढतात की यंत्राने, तेही लिहा, नाहीतर वळूचा फरक आणि हाताचा फरक वेगळा काढता येणार नाही.